तो रंग पाण्याचा नव्हता

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कार्यकारिणी,
मनीषनगर, नागपूर

दिनांक : ७ मे २०२५

विषय : आरओ प्लांटची खरेदी थांबवून आधी नळाच्या पाण्यातलं शिसं मोजून घेण्याबाबत.

आदरणीय अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या सभेत मी गप्प बसलो, ती चूक माझी. विक्रेत्याच्या त्या पोरानं टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत रॉड बुडवून प्लग लावला आणि बघता बघता आपला ग्लास हिरवट झाला, मग तपकिरी, वर फेस. "हे बघा काका, हेवी मेटल!" त्याचा ग्लास जसाच्या तसा. ए-विंगच्या वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि पाच मिनिटांत साडेतीन लाखांचा ठराव झाला. बत्तीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढलेल्या माणसानं तिथंच उठायला हवं होतं. तेवढ्यात चहा आला, राहून गेलं.

घरी येऊन तोच खेळ करून पाहिला. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि आमच्याच आरओचं ग्लासभर पाणी. काही झालं नाही. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. थोड्या वेळात तेच 'शुद्ध' पाणी शेवाळलं आणि हळूहळू गंजाच्या रंगावर गेलं. सौ.नं ओट्यावरचा ग्लास पाहून विचारलं, "यात काय घोळलं आता?"

घोळला होता खिळा. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गाळ होतो. पाण्यात क्षार असले तर वीज वाहते नि रंग येतो, नसले तर येत नाही. मे महिन्यात आपण पेंच धरणाच्या पाण्यात बोअरचं मिसळतो, म्हणजे क्षार भरपूर. त्या मुलाच्या पाण्यात क्षारच नव्हते. सभेत दिसलेला रंग त्याच्या रॉडचा होता.

इतिवृत्तात सचिवांनी आणखी एक ओळ घातली आहे : "टीडीएस ४८० आढळल्याने पाण्यात जड धातू असल्याचे निष्पन्न." टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत तांदळाच्या साधारण अर्ध्या दाण्याइतकं वजन. शिसं याच्या दसपट झालं तरी मीटरवरचा ४८० हा आकडा हलणार नाही. त्यामुळे ४८० आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि उद्या ६० आलं म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही.

पाणी चांगलंच आहे असं मात्र मी म्हणत नाही. आपली इमारत २००४ची. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाचे क्षार घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. ते बंद करण्याचे केंद्राचे नियम आले २०२१मध्ये. पितळी नळांतही थोडं शिसं असतं. रात्रभर पाणी पाइपात थांबलं की ते त्यात उतरू शकतं. उकळून ते जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं भांड्यातच राहतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका, आणि आपल्या तीन विंगांत पाच वर्षांखालची अकरा मुलं आहेत. मी मोजली.

म्हणून माझा प्रस्ताव. माझा एक जुना विद्यार्थी पाण्यातले धातू मोजण्याच्या सेन्सरवर काम करतो. त्याचं यंत्र मोबाइलएवढं, आणि त्यात लावायची पट्टी आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी रुंद. टोकाला कार्बनच्या शाईचा काळा ठिपका, त्यावर बिस्मथचा पातळ थर. हा विद्यार्थीही पाण्यात वीजच सोडतो, पण उलट्या हेतूनं. रॉडवाला स्वतःचं लोखंड पाण्यात टाकत होता; ही पट्टी पाण्यातलं शिसं स्वतःकडे ओढून घेते. ठिपक्याला विजेचा ऋण दाब, म्हणजे व्होल्टेज, देऊन दोन-चार मिनिटं थांबायचं. पाण्यातले शिशाचे आयन येऊन धातू होऊन चिकटत जातात, आपल्या बायकांच्या भिशीत पैसे जमतात तसे. मग दाब हळूहळू धन बाजूला सरकवायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक दाबाला सुटतो : आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, शेवटी तांबं. सुटताना विजेची एक उसळी येते. ती कुठं आली त्यावरून धातू ओळखायचा, किती उंच त्यावरून प्रमाण. इतकं किंचित शिसं सापडतं ते आधी असं गोळा केल्यामुळंच.

आमच्या वेळी हे काम पाऱ्याच्या थेंबावर चालायचं. चेक शास्त्रज्ञ हेरोव्हस्की यांनी १९२२मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९५९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विष मोजायला दुसरं विष, आणि सांडलेला पारा फरशीच्या फटींतून गोळा करायला आम्ही! बिस्मथ आल्यापासून ती कटकट गेली.

पट्टीलाही मर्यादा आहेत, त्या आत्ताच सांगतो. पाण्यात आधी आम्लधर्मी बफर, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण, घालावा लागतो, नाहीतर कणांना चिकटलेलं शिसं तिला दिसत नाही. तांबं जास्त असेल तर शिशाचा आकडा बिघडतो. पारा आणि आर्सेनिकला सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. एकाच पट्टीवर सगळं मोजतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. म्हणून तीन नमुने एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतही द्यावेत, ताळा म्हणून. १९५८पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथं आपण पाण्याचा निकाल प्लगला लावलेल्या रॉडवर ठरवतो, याची मला जरा लाजच वाटते.

पट्टी स्वस्त असल्यानं नमुने भरपूर घेता येतील, आणि खरी गरज त्याचीच आहे. सहा घरांतून पहाटेचं पहिलं पाणी, त्याच नळांचं तीन मिनिटं वाहू दिल्यानंतरचं, शिवाय खालच्या टाकीचं आणि थेट बोअरचं. पहिल्या पाण्यात शिसं असेल नि वाहिल्यावर कमी झालं, तर दोष पाइप-नळाचा. बोअरमध्येच निघालं, तर बोअर पिण्यासाठी बंद.

दोष पाइपाचा निघाला तर गच्चीच्या टाकीवर बसवायचा हा प्लांट उपयोगाचा नाही. शिसं टाकीच्या पुढं, घरात येता येता मिसळणार. उलट क्षार काढलेलं पाणी पाइपाला जास्त खातं. साडेतीन लाख घालून आपण शिसं वाढवूनही घेऊ. शिवाय त्याचं वाया जाणारं पाणी, तेही मे महिन्यात.

तेव्हा विनंती अशी की ॲडव्हान्सचा चेक थांबवावा, टीडीएसची ती ओळ पुढच्या सभेत दुरुस्त करावी आणि रविवारी, ११ तारखेला, नमुने घ्यायची परवानगी द्यावी. पट्ट्यांचा खर्च मी करीन. प्रयोगशाळेचं बिल सोसायटीनं भरावं.

आपला,
सभासद, सदनिका बी-३०४

ता. क. : शनिवारी संध्याकाळी चौकीदाराकरवी त्या सहा घरांना निरोप द्यावा. रात्री अकरानंतर किचनचा नळ उघडू नये. मागच्या मे महिन्यात मी एकट्यानं हा प्रयत्न केला होता, तेव्हा आमच्याच घरी पहाटे चारला उठून कोणीतरी त्या नळाला पाइप लावून कूलर भरला आणि नमुना बाद झाला. तो कोणी भरला हे मला माहीत आहे. यंदा त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.