‘ताप आला तर माझ्याकडे येऊ नका’ असं लिहून देणाऱ्या वैद्यांना

आदरणीय वैद्यराज,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात केमोच्या डे-केअरमध्ये काम करणाऱ्या परिचारिका आणि औषधनिर्माते हे पत्र लिहीत आहोत. ते उघडपणे लिहितोय, कारण तुम्ही काय करता हे गावाला कळायला हवं.

सलाईन लावण्याआधी ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की बहुतेक पेशंट ‘नाही’ म्हणतात, आणि उशाच्या पिशवीतून वर्तमानपत्राच्या पुड्या डोकावत असतात. पुडीवर ना नाव, ना प्रमाण, ना तारीख. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की तो केमोमुळे बिघडला की पुडीमुळे, हे ठरवायला काही मार्ग उरत नाही आणि पुढचा डोस लांबतो. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती तर निदान नाव छापलेली औषधं होती!

तुमच्याकडून येणाऱ्या पेशंटच्या फाइलला मात्र एक कागद टाचलेला असतो. डावीकडे केमोच्या तारखा, उजवीकडे तुमची औषधं मात्रेसह, आणि मध्ये पेनानं ओढलेली रेघ. पिंपळी, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), गुग्गुळाची औषधं यांच्यापुढे ‘केमो संपेपर्यंत बंद’. कारणही एका ओळीत: पिंपळी-मिरीतलं पाइपरिन यकृतातली औषधं मोडण्याची क्रिया मंदावतं, त्यामुळे काही औषधं रक्तात जास्त साठू शकतात, गुग्गुळ उलट ती क्रिया वाढवू शकतो, म्हणजे औषध अपुरं पडायची भीती. ज्येष्ठमधाचा काढा तोंड आलेल्यांसाठी देता, पण शेजारी ठळक लिहिता, ‘गुळण्या करून थुंका, गिळू नका’. जास्त प्रमाणात पोटात गेलेला ज्येष्ठमध पोटॅशियम उतरवतो, आणि सिसप्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्याचं ते आधीच उतरलेलं असू शकतं. रेडिएशन चालू असलेल्याला त्वचेवर लावायला तूप सांगता तेही ‘मशीनवर जायच्या आधी जाड थर नको’ या सूचनेसह. इतकं बारीक बघणारं कुणी भेटलं की आमचं अर्धं काम हलकं होतं.

पण आमच्या मनात घर केलं ते त्या कागदाच्या तळाच्या ओळीनं: ‘१००.४ च्या वर ताप आला तर माझ्याकडे येऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी केमोच्या दवाखान्यात जा.’ केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हाचा ताप म्हणजे धावपळीची वेळ. तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. त्या दिवसांत घरी काढा उकळत बसणं किंवा बस्ती (एनिमा) देणं जीवावर बेतू शकतं. आपल्या दारात आलेल्याला ‘माझ्याकडे येऊ नका’ असं लेखी सांगायला फार मोठं मन लागतं, वैद्यराज. त्या ओळीमुळे पेशंट वेळेत पोहोचतात.

आणि दुसरीकडे? ‘सुई लावली की गाठ पसरते’ म्हणत बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) लांबवणारे, ‘केमो सोडा, तीन महिन्यांत गाठ विरघळवतो’ म्हणणारे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, तरी भिंतीवर आणि मोबाइलवर ती दिसतेच. ही माणसं सुश्रुतांचं नाव घेतात. सुश्रुतांनी सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात अर्बुद ही गाठ सांगितली: गोल, स्थिर, फारशी न दुखणारी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी, न पिकणारी. त्याच अध्यायात त्याचे दोन प्रकार, रक्तार्बुद आणि मांसार्बुद, असाध्य म्हटलेत. चिकित्सास्थानात बजावलंय की अंश मागे राहिला तर ते पुन्हा उठतं. प्रामाणिक ग्रंथ आहे तो. त्याच्या नावावर खोटी आशा विकणं हा त्याचाच अपमान. तुम्ही पेशंटला हेच सांगता, शिवाय हेही सांगता की अर्बुद म्हणजे आजचा कॅन्सरच असं एकास एक लावता येत नाही. तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तुम्ही औषध बदलत बसत नाही, तपासणीला पाठवता. मावा-गुटख्याच्या या गावात एवढ्यानंही किती जबडे वाचतील!

तुमचं खरं औषध आम्हाला अन्नात दिसतं. मळमळीनं काही न जाणाऱ्याला आधी तांदळाच्या १४ पट पाण्यातली पेज, ती पचली की चौपट पाण्यातली विलेपी म्हणजे दाट पेज, मग मुगाचं कढण, आणि भूक खरोखर लागल्यावरच दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. शेंगाचटणी तोंड बरं होईपर्यंत बाजूला. एकदम पोटभर जेवू घालणाऱ्या प्रेमळ घरांना हा क्रम समजावणं सोपं नसतं. मे महिन्यात विरेचन (जुलाबाचं औषध) मागायला आलेल्याला तुम्ही ठाम नाही म्हणता, तेही आम्हाला ठाऊक आहे. सोलापूरच्या उन्हात जुलाबांनी पाणी गेलं की सिसप्लॅटिनचा सगळा भार मूत्रपिंडावर येतो.

चांगुलपणा बऱ्याचदा असाच असतो, कुणी न बघता केलेला, नीट अक्षरात लिहिलेला. त्याबद्दल मनापासून आभार.

एक विनंती आहे. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांसाठी तो कागद तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्या पेशंटसाठी कन्नडमध्ये उतरवायला आमच्यातल्या दोघी तयार आहेत. तुमची परवानगी असेल तर कच्चा मसुदा पाठवतो. औषधांची नावं आणि मात्रा तेवढ्या एकदा नजरेखालून घालाव्यात.

आपले कृतज्ञ,
केमो डे-केअरमधील परिचारिका व औषधनिर्माते, सोलापूर