रोहिणी लागायच्या आत डोक्यावर पत्रे हवेत : खामकाठच्या वस्तीचं आवाहन

नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आमची वस्ती आहे. गेल्या आठवड्यात शहरावर गारपीट झाली आणि पाठोपाठ पाण्याचा लोंढा आला. त्यात वस्तीतल्या सव्वाशेच्या आसपास घरांचं छप्पर गेलं, आणि नाल्याकडच्या दोन गल्ल्यांत तर घरातलं काहीच उरलं नाही. माणसं सगळी वाचली. काहींची डोकी फुटली, एका आजोबांचा हात मोडला, पण माणसं वाचली. हे आधी सांगतो, कारण गावाकडून अजून काळजीचे फोन येताहेत. आता या माणसांचा संसार पुन्हा उभा करायचा आहे आणि ते आमच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही.

त्या दिवशी दुपारपासून जीव घुसमटेल असा उकाडा होता. चारच्या सुमाराला हर्सूलच्या बाजूनं काळंभोर आभाळ वर आलं. आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब. पहिल्या गारा पडल्या तेव्हा लेकरं नेहमीसारखी वाट्या घेऊन वेचायला धावली. दोन मिनिटांत आयांनी त्यांना ओढून आत घेतलं, कारण बोराएवढ्या गारा तोवर लिंबाएवढ्या झाल्या होत्या. सिमेंटचे पत्रे कडाकड फुटायला लागले. ज्यांचे टिनाचे पत्रे होते ते वाऱ्यानं खिळ्यासकट उपटून नेले.

नाल्याकडच्या गल्लीतल्या एका मावशींनी दोन नातवंडांना लोखंडी पलंगाखाली सरकवलं आणि स्वतः पीठ मळायची परात डोक्यावर धरून पलंगाला टेकून बसल्या. परातीवर गारा आदळत होत्या. थोड्या वेळानं धाकटा आतून ओरडला, "आज्जे, खालून पाणी येतंय!" नाल्याचं पाणी उंबरा ओलांडून पलंगाखाली शिरलं होतं. लेकरं बाहेर काढावीत तर वरून गारा, आत ठेवावीत तर बुडायची भीती. मावशींनी दोघांना पलंगावर घेतलं, अंगावर गोधडी टाकली आणि तीच परात त्यांच्या डोक्यांवर धरून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे पडले होते. परातीचं बूड पोचे पडून खडबडीत झालंय. आजही त्या त्याच परातीत भाकरीचं पीठ मळतात. दुसरी उरली नाही.

तासाभराच्या पावसानं एवढं पाणी आलं कुठून, असं बरेच जण विचारतात. आपल्या शहराच्या उत्तरेला डोंगर आहे आणि मातीच्या पातळ थराखाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, धावतं. त्यात आता निम्म्या जमिनीवर काँक्रीट. तरीही साधा पाऊस असता तर नाल्यानं तो बऱ्यापैकी वाहून नेला असता. पण गारांनी आधी कडुलिंबाचा आणि आंब्याचा सगळा पाला, कैऱ्या, डहाळ्या झोडून खाली पाडल्या. गारा आणि पाला मिळून गटारांच्या जाळ्या, चेंबरं आणि गच्च्यांची पन्हाळं बुजली. पाण्याला जायला वाट राहिली नाही. वरच्या रस्त्यांवर तुंबलेलं पाणी एकदम फुटून नाल्यात आलं, आणि पुलाखाली अडकलेल्या कचऱ्यामुळं मागं फिरून घरांत शिरलं. तीन तासांत ओसरलंही. जाताना धान्य, भांडी, अंथरुणं, शिलाई मशिनं, वह्या-पुस्तकं घेऊन गेलं आणि गुडघाभर गाळ ठेवून गेलं.

मराठवाड्याला गारपीट नवी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कितीतरी दिवस गारा पडत होत्या. हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली होती. तेव्हा आपण शहरातल्या लोकांनी गावाला मदत पाठवली. आमच्या वस्तीतूनही पोती गेली होती. एरवी आमच्यावर वेळ आली की गावाकडचे भाऊ-मेहुणे ज्वारीचं पोतं एसटीत टाकून देतात. यावेळी ते मागायलाही तोंड नाही, कारण त्याच वाऱ्यानं पैठण-अंबडकडच्या कितीतरी बागांत मोसंबीचा आणि केशर आंब्याचा सडा पडलाय. ज्यांच्याकडं हक्कानं हात पसरावा तेही आज आमच्यासारखेच बसलेत.

सगळ्यांत मोठी अडचण पाण्याची आहे. आपल्या शहरात नळाला रोज नाही, काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून प्रत्येक घरात जमिनीतला हौद, नाहीतर निळे ड्रम. या हौदांच्या तोंडापर्यंत नाल्याचं पाणी आलं आणि झाकणांच्या फटींतून आत गेलं. पैठणच्या जायकवाडी धरणातून पंपानं चढवून आणलेलं, पुरवून पुरवून वापरलेलं पाणी एका संध्याकाळी गटार झालं. वरून ते स्वच्छच दिसतं. पहिल्या दोन दिवसांत काही घरांनी तेच तुरटी फिरवून प्यायलं आणि आता तिथल्या लेकरांना जुलाब लागलेत. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. हौद पूर्ण उपसून, गाळ काढून, भिंती घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतल्याशिवाय भरायचा नाही, असं आम्ही घरोघर सांगतोय. पण उपसायला पंप लागतो आणि धुतल्यावर भरायला टँकर. तेव्हा टँकरच्या खेपा आणि गाळ ओढणारे डिझेलचे पंप हे आमचं पहिलं मागणं आहे. घरातल्या मोटारी सगळ्या भिजल्यात.

दुसरं मागणं पत्र्यांचं, आणि त्याला मुदत आहे. २५ मेच्या सुमाराला रोहिणी लागतात, ७-८ जूनला मृग. एकदा मृगाचा पाऊस लागला की ताडपत्रीखाली संसार चालत नाही. दहा बाय वीसच्या खोलीला दहा फुटी पत्रे सात लागतात, म्हणजे एकूण नऊशेच्या आसपास, शिवाय हुक, रबरी वायसर आणि काही घरांना लोखंडी पाइप. एका दुकानदारांनी खरेदीच्या भावात माल द्यायचं कबूल केलंय. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका घराच्या छपराचा खर्च उचलावा. नाही जमलं तर एक पत्रा द्या. तोही वहीत लिहिला जाईल आणि कोणत्या घरावर बसला ते तुम्हाला कळवलं जाईल. सिमेंटचे पत्रे मात्र नकोत. गारांपुढं ते काचेसारखे फुटतात हे आम्ही पाहिलंय, आणि जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. फुटलेले तुकडे उचलायला येणाऱ्यांनी ते कोरडे झाडू नयेत, आधी पाणी मारावं, तोंडाला मास्क बांधावा, तुकडे आणखी फोडू नयेत. ती धूळ छातीत जाऊन बसते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण "सरकार देतंय की" असं ऐकायला मिळतं. गारपीट आणि पूर या दोन्ही आपत्ती सरकारी मदतीच्या यादीत आहेत आणि पंचनामे सुरू झालेत. पण २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले होते, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० होते, मात्र घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलेलं हवं. आमच्याकडं पाणी तीन तास होतं. तीन तासांत जेवढं जायचं तेवढं गेलं, पण कागदावर ते बसत नाही. मागं काही पुरांच्या वेळी राज्य सरकारनं ही दोन दिवसांची अट शिथिल केली होती. यंदाही करावी म्हणून आम्ही निवेदन दिलंय आणि पाठपुरावा करू. तोवर थांबायला मृग तयार नाही.

आमच्या बायांचं नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. हे वाळवणाचे दिवस. वस्तीतल्या कितीतरी जणी ऑर्डरीवर कुरडया, पापड, शेवया करून देतात. त्यावर शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं निघतात. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून घातलेल्या कुरडया गच्चीवर साडीवर वाळत होत्या. गारांनी त्यांचा चुरा केला आणि पावसानं लगदा. ती साडी अजून कठड्यावर आहे, चिकाचे गोल डाग पडलेली. काही ऑर्डरींचे पैसे आगाऊ घेतलेले होते. या बाया ते पैसे परत करायला निघाल्यात, एकीनं तर त्यासाठी कानातलं मोडायचं काढलंय. आम्ही तिला थांबवलंय. तुमच्यापैकी कुणी त्यांना गहू, नाचणी, उडीद डाळ आणि सोऱ्या दिल्या तर मृगाच्या आधी पंधरा दिवसांचं ऊन त्यांना मिळेल. आणि ज्यांनी ऑर्डरी दिल्या होत्या त्यांनी आठ-दहा दिवस कळ काढावी, एवढी विनंती.

जुने कपडे आता पुरे झालेत. ज्यांनी दिले त्यांचे मनापासून आभार, पण समाजमंदिराची एक खोली कपड्यांनीच भरलीय. त्याऐवजी नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चादरी, मच्छरदाण्या, भांडी (पातेलं, तवा, परात), आणि दोन शिलाई मशिनं पाहिजेत. तांदूळ-डाळ भरपूर आलीय, ज्वारीचं पीठ नाही. आमची माणसं भाकरीवरची आहेत.

पैशापेक्षा हात देऊ शकणारे बरेच जण असतील. वायरमन पाहिजेत. मीटरच्या पेट्यांत पाणी गेलंय आणि वायरमननं पाहिल्याशिवाय कुणीही मेन स्विच चालू करायचा नाही असं आम्ही बजावलंय. मोटार वाइंडिंग करणारे, शिलाई मशीन दुरुस्त करणारे, गवंडी पाहिजेत. ऑनलाइन अर्ज भरू शकणारी कॉलेजची पोरं-पोरी पाहिजेत. रेशनकार्डं, आधार, दहावी-बारावीच्या मार्कलिस्टा भिजल्यात आणि दुय्यम प्रतींसाठी अर्ज करायचेत. ज्यांची कागदं ओली आहेत त्यांनी ती उन्हात टाकू नयेत किंवा एकमेकांपासून ओढून सोडवू नयेत. मधे वर्तमानपत्र घालून सावलीत वाळवावीत. डॉक्टर मंडळींपैकी दोघी जणी रोज संध्याकाळी येताहेत. गाळात अनवाणी फिरून पायाला जखमा झालेल्यांना ताप आला तर थांबू नका, त्यांना दाखवा. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) नावाचा ताप होतो.

"नाल्याकाठी राहायचंच कशाला" हेही विचारलं जातं. प्रश्न चुकीचा नाही. आमच्यातले जुने लोक १९७२ च्या दुष्काळात बीड-जालन्याकडून पोट भरायला आले. पुढं चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांत लागले. भाड्यात परवडेल अशी जागा तेव्हा इथंच होती आणि नाला तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी रुंद होता. पुढं दोन्ही काठांनी बांधकामं आली, काहींनी वर स्लॅब टाकले. आमच्यापैकी काहींनीही ओटे पुढं काढले. ते ओटे आम्ही आता मागं घेतोय, बैठकीत ठरलंय. वरच्या अंगाच्या सोसायट्यांनाही हात जोडून सांगणं आहे : पावसाळ्याआधी आपल्या दारातली जाळी मोकळी करा आणि राडारोडा नाल्यात लोटू नका. तुमच्याकडं तो दिसेनासा होतो तेव्हा आमच्या पुलाखाली येऊन अडकलेला असतो.

हिशेबाबद्दल : आमचं मंडळ नोंदणीकृत आहे, पण आयकरात सवलत देणारं ८०जी प्रमाणपत्र आमच्याकडं नाही, हे आधीच सांगतो. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. जमा-खर्च दर संध्याकाळी समाजमंदिराच्या फळ्यावर लिहिला जातो. खाते क्रमांक आणि क्यूआर कोड त्याच फळ्यावर आणि आमच्या छापील पत्रकावर आहे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या कुठल्याही कोडवर पैसे पाठवू नका. रोख रक्कम गल्लीत कुणाच्या हातात देऊ नका, समाजमंदिरात आणून पावती घ्या. वस्तू सकाळी आठ ते रात्री आठ कधीही आणता येतील, मारुती मंदिराच्या मागं.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता नाल्याकडच्या दोन्ही गल्ल्यांतला गाळ काढायला सुरुवात करतोय. ऊन वर यायच्या आत, म्हणजे दहापर्यंत काम चालेल. चहा आणि भाकरी-पिठलं वस्तीतर्फे. फावडं किंवा घमेलं असेल तर घेऊन या, हातमोजे असतील तर फारच बरं. चप्पल नको, जाड तळाचे बूट घाला. गाळात फुटलेल्या काचा आणि पत्र्याचे तुकडे आहेत.

आपले,
वस्ती मदत समितीचे सर्व सदस्य