चादरीखालची गाडी आणि पार्किंगमधला पेट्रोलचा वास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते आणि घरीच शिलाईकाम करते. माझे यजमान 2021 मध्ये गेले. त्यांनी 2011 साली घेतलेली हीरो होंडा स्प्लेंडर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जुन्या चादरीखाली चार वर्षं उभी होती. विकायचा विषय निघाला की मी उठून आत जायची. पण टाकीत किती पेट्रोल आहे, टाकीखालचा पेट्रोलचा नॉब बंद आहे की सुरू, हे एकदाही पाहिलं नाही. ही चूक माझी, ती आधी सांगते.

गेल्या मे महिन्यात भाच्याला इथल्या मिहान औद्योगिक परिसरात नोकरी लागली आणि गाडी त्याला द्यायचं ठरलं. नवी बॅटरी बसवली, दोन लिटर पेट्रोल टाकलं, किका मारून मारून पोराचा पाय दुखायला लागला तेव्हा ती सुरू झाली. तो आवाज ऐकून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाला वर येऊन म्हणाला, "काकू, खाली पेट्रोलचा भलता वास येऊन राहिला." जाऊन पाहते तर इंजिनाखाली ताटाएवढा ओला डाग. तिथून पाच हातांवर साऱ्या इमारतीचे विजेचे मीटर, बाजूला चार्जिंगला लावलेली एक ई-स्कूटर, आणि जिन्याखालच्या गणपतीपुढे चौकीदारानं नुकतीच लावलेली उदबत्ती. माझे हातपाय गार पडले.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात थेंब पडतो आणि बघता बघता उडून जातो. फरशी कोरडी दिसते, म्हणून गळती नाही असं आपण धरून चालतो. पण पेट घेते ती वाफच. ती हवेपेक्षा जड असते, वर न जाता जमिनीलगत पसरते आणि बंदिस्त पार्किंगमध्ये साचून राहते.

दोन मिस्त्री येऊन गेले. पहिल्यानं न पाहताच पेट्रोलचा पाइप बदलला. दुसऱ्यानं नॉबच्या भोवती भेगा बुजवायची लांबी थापली आणि मला समजावलं, "काहून टेन्शन घेता काकू, जुनी गाडी थोडी टिपकतेच." तीन दिवसांत लांबीचा पापुद्रा सुटला. ओल्या जागेवर लावलेली लांबी धरणार कशी? "थोडी टिपकतेच" या वाक्याचा मला आजही राग येतो.

तिसरे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी गाडी ढकलत अंगणात मोकळ्या हवेत नेली, बॅटरीची वायर काढली, शेजारी रेतीची बादली ठेवायला लावली आणि फडक्यानं सगळं कोरडं पुसलं. पेट्रोल वरून खाली ओघळत येतं, त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथं गळती असेलच असं नाही, ओल सगळ्यात वर कुठं उमटते ते पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी घरात जाऊन कापडावर खुणा करायचा माझा पांढरा खडू आणला, ब्लेडनं खरवडला आणि ती पूड आम्ही नॉब, पाइपचे जोड आणि कार्बोरेटरवर (इंजिनासाठी पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) भुरभुरली. नॉब बंद असताना खाली थेंब नाही. सुरू केल्यावर दोनेक मिनिटांत कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, टिप टिप. त्यांनी कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकलं, टिपकणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. म्हणजे वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी आतली सुई, निडल, नीट बसत नव्हती.

वाटी खोलली तर तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकट थर आणि टाकीतून आलेला गंजाचा भुगा. निडल त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. सुईच्या टोकाची पारख मला आहे, तिथली गोल झीज मला चष्म्याशिवाय दिसली. नवं किट बसवलं, टाकी धुतली, ओव्हरफ्लो थांबला. तरी नॉबच्या बुडाशी खडूची पूड हळूहळू काळपट झाली. आतला रबरी वॉशर वाळून कडक झाला होता. गळत्या दोन होत्या, आणि मोठीपुढे लहान लपली होती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीला गंज आणि कडक झालेलं रबर, हे दोन्ही होऊ शकतं, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी इंजिन ऑइलची काडी काढून मला वास घ्यायला लावला. ऑइलला पेट्रोलचा वास! निडल अडकली की जास्तीचं पेट्रोल इंजिनातही उतरतं आणि ऑइल पातळ करतं. तेही बदललं. सारा खर्च हजाराच्या आत.

माझी विनंती अपार्टमेंटच्या समित्यांना आहे. प्रत्येक पार्किंगमध्ये अशी एक तरी चादरीखालची गाडी असते, परगावी गेलेल्या मुलाची नाहीतर आता नसलेल्या माणसाची. तिला हात लावायला कुणाचं मन धजत नाही, हे मी जाणते. पण निदान मालकाला विचारून तिचा नॉब बंद करा, टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून घ्या, मीटरजवळून ती हलवा. वास आला तर गाडी सुरू करून बघू नका, आधी मोकळ्यावर न्या. मिस्त्री बंधूंनाही सांगणं आहे की गळती नेमकी कुठं होती ते गाडीवाल्याला दाखवल्याशिवाय पैसे घेऊ नका.

आमच्या समितीनं मीटरखालची गाड्यांची रांग आता बंद केली आहे. भाचा रोज संध्याकाळी गाडी लावताना नॉब बंद करतो आणि खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतो. सकाळी तो पुठ्ठा मी पाहते.

आपली,
मानेवाड्यातील एक वाचक, नागपूर