आठ पाकळ्या आणि अठरा सेकंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ज्येष्ठस्नेही शहरांवरचा पानभर लेख वाचला. भिंग घेऊन वाचला, त्याबद्दल खाली लिहितोच. लेखिकेचा अभ्यास दांडगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची मार्गदर्शिका, त्यासाठी २२ देशांतल्या ३३ शहरांत झालेल्या चर्चा, आठ विषयांचं ते आठ पाकळ्यांचं फूल, सगळं यथासांग आलं आहे. सोबत छायाचित्र, बागेत हात वर करून हसणाऱ्या पाच म्हाताऱ्या माणसांचं. आमच्या वयाची माणसं छापायची झाली की ती हसतानाच का लागतात, हे तुमच्या छायाचित्रकाराला एकदा विचारायचं आहे.

पण ही पाच माणसं बागेपर्यंत पोचली कशी, हे लेखात कुठेच नाही.

त्याच मार्गदर्शिकेत, त्याच फुलाच्या मोकळ्या जागा आणि इमारतींच्या पाकळीत, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे असं स्वच्छ लिहिलेलं आहे. लेखात भित्तिचित्रांना दोन परिच्छेद मिळाले, खुल्या व्यायामशाळांना तीन. रस्ता ओलांडण्याला अर्धं वाक्यही नाही. भित्तिचित्रं छान असतात. आम्ही ती रस्त्याच्या अलीकडून बघतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. पत्नीला घेऊन वाचनालयात निघालो होतो. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, हातात काठी असते. वाचनालय रस्त्यापलीकडे, रस्ता सहापदरी. हिरवा माणूस लागल्याबरोबर पाऊल टाकलं, उगीच रेंगाळलो नाही. दुभाजक ओलांडून जेमतेम मीटरभर पुढे गेलो आणि दिवा बदलला. तिकडच्या तिन्ही पदरांतल्या गाड्यांनी एकदम गुरगुरायला सुरुवात केली. पुढे जावं तर साडेनऊ मीटर बाकी, मागे यावं तर काठीवर उलटं चालायचं. उलटेच आलो. दुभाजकाची रुंदी माझ्या चपलेएवढी. त्यावर आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे, आणि नाकासमोरून बसचा आरसा गेला. एका तरुणाने काच खाली करून "काकू, चला ना पटपट!" असा सल्ला दिला. ही त्याला म्हणाली, "हे पटपटच आहे, बाळा."

तेव्हा मी हसलो होतो. तिने मात्र त्या दिवसापासून तो रस्ता सोडला. आता पुस्तकं मी आणतो, आणि मी नेहमी चुकीची आणतो. दोन वेळा तर तिने वाचलेलीच आणली. पन्नास वर्षं स्वतः कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडणाऱ्या बाईला नवऱ्याच्या आवडीचं वाचावं लागतं, ही शिक्षा किती मोठी आहे हे माझी आवड माहीत असलेल्यांना कळेल.

निवृत्तीपूर्वी मोजमापाचंच काम करत होतो, त्यामुळे गप्प बसवेना. एका पदराची रुंदी साधारण साडेतीन मीटर, सहा पदरांची २१ मीटर. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची वाहतूक अभियंत्यांची जुनी रीत आहे. २१ भागिले १.२ म्हणजे साडेसतरा सेकंद. आमच्या सिग्नलला १८ आहेत. वरचा अर्धा सेकंद बहुधा ज्येष्ठांसाठीची सवलत असावी. मग घराखाली खडूने २१ मीटर आखून आमचे वेग मोजले. मला २४ सेकंद लागतात, हिला ३३. आम्ही काही जगावेगळे नाही. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या माणसांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर भरला आणि स्त्रियांचा ०.८. मग १.२ ने चालणारा तो माणूस कोण? मी त्याला ओळखतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो मीच होतो.

हा सगळा हिशेब जोडून संबंधित कार्यालयाला अर्ज दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, "सदर सिग्नलची वेळ मानकानुसार आहे." अहो, मानकानुसार आहे हीच तर तक्रार आहे! फोन केला तर पलीकडचे गृहस्थ फार सौजन्याने म्हणाले, "आजोबा, दोन टप्प्यांत ओलांडा ना. मधे थांबायचं." मधे कुठे? थांबण्यासाठी दुभाजक सहा फूट तरी रुंद हवा, त्यात चाकाची खुर्चीही मावली पाहिजे. आमच्या दुभाजकावर कावळा थांबतो, तोही अंग चोरून.

आपल्याच पत्रसदरात परवा एका वाचकांनी पादचारी पूल सुचवला आहे, तोही "खास वृद्धांसाठी". हेतू चांगलाच असणार. पण खालून ट्रक जायचा तर पूल निदान पाच मीटर उंच हवा. पायरी पंधरा सेंटीमीटरची धरली तर तेहेतीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. उतार करा म्हणाल, तर खुर्ची ढकलता येईल असा उतार एकास बारा असतो. पाच मीटर चढायला साठ मीटर, उतरायला साठ. एकवीस मीटरचा रस्ता पार करायला एकशे वीस मीटरची वारी. हा पूल वृद्धांसाठी नसून गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून असतो, एवढं तरी प्रामाणिकपणे म्हणूया.

लेखिकेला परदेशी उदाहरणांची आवड आहे म्हणून दोन माझ्याकडून. अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीने २००९ मध्ये सेकंदाला चार फुटांचा वेग साडेतीन फुटांवर आणला. अर्धा फूट ऐकायला किरकोळ वाटतो, पण पावलं आमची मोजून बघा. आणि सिंगापूरमध्ये २००९ पासून काही सिग्नलच्या खांबांवर ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. बाकीच्या वेळी सिग्नल नेहमीसारखाच चालतो, म्हणजे कोणाच्या गाडीचा खोळंबा होण्याचीही फार चिंता नाही. आमच्या १८ मध्ये १३ मिळवले तर ३१ होतात. हिला तरीही दोन सेकंद कमी पडतील, ते आम्ही सांभाळून घेऊ.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचं दशक ठरवलं आहे, हे लेखातूनच कळलं. आभारी आहे. दशक संपेपर्यंत आमच्यापैकी सगळेच थांबतील असं नाही, तेव्हा आठही पाकळ्या एकदम फुलवायच्या भानगडीत न पडता आधी एका सिग्नलची वेळ बदलता आली तर बघावं. त्याला भूमिपूजन लागत नाही. एक माणूस आणि एक किल्ली लागते. गुरुवारी पुन्हा जाऊन घड्याळ लावून पाहिलं. अठराच आहेत.

आपला,
जुना वाचक (वय ७६)

ता. क. भिंगाबद्दल. तो लेख फिकट निळ्या पट्टीवर करड्या अक्षरांत छापण्याची कल्पना कोणाची? ज्येष्ठांसाठीचा मजकूर ज्येष्ठांना वाचता येऊ नये याची एवढी काळजी मी आजवर पाहिली नव्हती. आणि शब्दकोड्याची चौकट दोन महिन्यांपूर्वी लहान केलीत. पत्नीच्या हातात सध्या तेवढंच काय ते तिच्या स्वतःच्या पसंतीचं उरलं आहे. ती पूर्ववत करावी.