चिऊ, हे रात्रपाळीनंतर लगेच वाचू नकोस

प्रिय चिऊ,

रविवारी रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘पप्पा, नर्सिंग हे माझं पाचारण नाहीच. महिनाअखेरीला राजीनामा देते.’ मम्मीला अजून दाखवलेला नाही. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलोय. पण आधी सांग, सलग किती रात्रपाळ्या झाल्या? झोपतेस किती?

देवानं प्रत्येकाला काम नेमून दिलंय, तेच त्याचं पाचारण, हे तुला लहानपणापासून सांगत आलो, ते ओळखायचं कसं हे राहून गेलं. बायबलमधल्या शमुवेलासारखी आपल्यालाही देवाची हाक येईल म्हणून तू वाट बघत बसलीस. पण तो तीन वेळा म्हाताऱ्या याजक एलीकडेच धावला ना? हाक त्याला आली, ती कोणाची हे म्हाताऱ्याला उमगलं. एकट्यानं उलगडायची गोष्ट नाही ही. फादरांशी बोललीस का? आणि तुझं काम जवळून बघणाऱ्या एखाद्या जुन्या सिस्टरला विचार. ‘मला जमेल का’ असं नको विचारूस. ‘माझ्या हातून पेशंटला काय मिळतं’ असं विचार.

येशू संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसची रीत मला पटते. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या त्याच्या लक्षात आलं, की मानमरातबाची स्वप्नं रंगवताना गोड लागतात, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरला तरी प्रसन्नता मागे राहते. म्हणजे विचार चालू असताना काय वाटतं ते धरायचं नाही, नंतर काय उरतं ते बघायचं.

वही घे. आज दहा मिनिटं असं धर, की राजीनामा दिलाय. मग उठून कामाला लाग आणि दोन तासांनी मनात उरलेलं एका ओळीत लिही. उद्या असं धर, की राहायचं ठरलंय. दोन आठवडे आलटून पालटून कर. सुटका वाटली तर घाईनं तिला समाधान समजू नकोस. सुटका लगेच वाटते आणि संध्याकाळपर्यंत विरते. शिवाय चार रकाने पाड: राहण्याचे फायदे, तोटे, सोडण्याचे फायदे, तोटे. दोनच रकाने पाडले की मन आधी ठरवलेलं तेच सिद्ध करतं. आणि तुझ्याच अडचणीतली एक अनोळखी मुलगी समोर बसलीय असं समजून तिला सल्ला दे. हेही इग्नेशियसचंच.

त्याचा सगळ्यात कडक नियम असा: मन अंधारात असताना, आधी शांतपणे केलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना थोडी वाढवायची, निर्णय तिथेच ठेवायचा. सात नंबरच्या बेडनंतर तू अंधारातच आहेस, चिऊ. त्यात झोप नाही. थकवा देवाच्या आवाजात बोलायला लागतो, आणि...

लेक्चर झालं. माफ कर. तुझा भाऊ असता तर एव्हाना घड्याळ दाखवलं असतं.

आजीची नखं आठवतात का? तू अकरा वर्षांची. आम्ही कापायला गेलो की ती पाय ओढून घ्यायची. तू आधी तिचे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवलेस, पुसलेस, मग ती जाड पिवळी नखं सरळ रेषेत, थोडी थोडी कापलीस, कोपऱ्यांत न शिरता. अर्धा तास लागला. तिनं एकदाही पाय ओढला नाही. कोणी शिकवलं होतं तुला? हे मी पुरावा म्हणून मांडत नाहीये. हातातली कला म्हणजेच पाचारण असंही नसतं. नुसतं आठवलं.

आणि समजा, वाट खरंच चुकली असेल. इग्नेशियसला जेरुसलेममध्येच आयुष्य काढायचं होतं. १५२३ मध्ये तिथं पोचला, तर परत पाठवला गेला. मग तिशी उलटलेला तो माणूस पोरांबरोबर लॅटिनचं व्याकरण घोकत बसला. त्याच्या येशू संघाला मान्यता मिळाली १५४० मध्ये. मधली सतरा वर्षं त्याच्या घरच्यांनी कशी काढली असतील, हे कोणी लिहीत नाही.

तू सोडलंस तरी मला तुझी लाज वाटणार नाही. खरं तर भीती तुझी नाही, त्या पावणेबाराची आहे. राजीनामा द्यायचाच असेल तर सुट्टीच्या दिवशी, आठ तास झोप झाल्यावर, सकाळी लिही. पाठवण्याआधी आदल्या दिवशीचं वहीतलं पान वाच.

मम्मीला मी बुधवारी सांगेन. तोवर तिचा फोन आला तर आवाज नीट ठेव.

पप्पा