छाटणीआधी झाडावर घरटं आहे का तेवढं बघा

मा. संपादक, स. न.

दरवर्षी एप्रिल-मे आला की पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी सुरू होते आणि नेमका तोच काळ शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याच्या विणीचा असतो, मार्च ते जून, पण छाटणीवाल्यांना हे कोणी सांगतच नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीमागच्या आंब्यावर जोडी होती. नर सकाळी सरडा नाहीतर खारीचं पिल्लू घेऊन यायचा, ओरडायचा, मग मादी अंड्यांवरून उठून शेजारच्या फांदीवर येऊन खायची, आम्ही सगळे गॅलरीतून बघायचो. एक दिवस गाडी आली आणि तासाभरात अर्धा आंबा खाली, घरटं त्यातच गेलं. दोन दिवस मादी त्याच झाडावर येऊन बसत होती, बघवत नव्हतं.

लोक म्हणतात, पक्षी आहे, जाईल दुसऱ्या झाडावर. तसं नसतं हो. त्याला उंचावर मजबूत बेचकं लागतं, दाट पाला लागतो म्हणजे कावळ्यांना घरटं दिसत नाही, शिवाय जवळ शिकारीला मोकळी जागा. आंबा, कडुनिंब अशी जुनी झाडं सोडली तर शहरात हे एकत्र मिळतं कुठे? आणि अंडी उबायला तीनेक आठवडे, पिल्लं उडायला साधारण महिना, थांबायचं किती तर दोन महिने.

अमेरिकेत विस्कॉन्सिनला 1980 पासून कूपर्स हॉकचा अभ्यास चाललाय, तोही शिक्र्यासारखाच, शहरात लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतो, घरमालक आत येऊ देतात म्हणून पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालता येते. म्हणजे माहिती माणसांकडेच आहे. आपल्याकडे वॉचमन, माळी, गॅलरीत बसणारे आजी-आजोबा यांना कुठल्या झाडावर काय आहे ते पाठ असतं, फक्त विचारत कोणी नाही.

छाटणीच्या नोटिशीसोबत एक साधा फॉर्म द्या, झाडावर घरटं आहे का, एवढंच. वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हेही शिकारीतच धरलंय. ज्यांना जमतं त्यांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर ब्रीडिंग कोड (वीण चालू असल्याची खूण) टाकून नोंद करावी, पण घरट्याचे फोटो लोकेशनसकट ग्रुपवर कृपया फिरवू नका.

यंदा शेजारच्या कडुनिंबावर जोडी काड्या नेताना दिसतेय आणि गेटवर छाटणीची नोटीस लागलीय. तेवढं एक झाड जूनअखेरपर्यंत सोडा.

– एक वाचक, पुणे