गिझर दिवसभर चालू नको

महोदय,

थंडी पडली की गिझरचे बटण दिवसभर चालूच राहते. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागते. २००० वॉटची कॉइल हे काम वीसेक मिनिटांत करते. नंतर टाकीतून उष्णता झिरपते आणि थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) पुन्हा पुन्हा वीज ओढतो. गिझरवरचे स्टार याच गळतीवर ठरतात. आंघोळीआधी अर्धा तास चालू करा, थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा. ७५ अंशांचे पाणी करून त्यात गार पाणी ओतायचे, हा हट्ट कशासाठी?

बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार साचतात. त्यात वीज फारशी वाया जात नाही, पण उष्णता पाण्यात लवकर न गेल्याने कॉइल तापून जळते. वर्षातून एकदा मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करावी आणि कॉइल सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवावी. झिजलेला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) आणि गॅस्केट (सांध्याचे रबरी सील) तेव्हाच बदलावे, नाहीतर टाकी गंजते. टाकी पुन्हा भरताना गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नये; कोरडी कॉइल लगेच जाते. अर्थिंगही तपासून घ्यावे.

– एक वायरमन